नळ्या गेल्या, कूस गेली नाही

लातूरला माझ्या बहिणीच्या सुनेच्या दोन्ही गर्भनलिका दुखण्यापायी काढाव्या लागल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात भिजल्या हरभऱ्यांनी सर्वांच्या ओट्या भरल्या. तिला मात्र वगळले. नांदेडला परतल्यावर मी विचारपूस केली, वाचले. ते भगिनींपुढे ठेवते.

स्त्रीबीज व पुरुषबीज यांची भेट नळीत होते. एक नळी उरली तर गर्भ राहू शकतो. दोन्ही काढल्या की ती वाट बंद. परंतु बीज तयार होते बीजकोशात, आणि गर्भ वाढतो पिशवीत. म्हणून ही भेट बाहेर काचपात्रात घडवून गर्भ पिशवीत ठेवण्याची युक्ती निघाली.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात लुईझ ब्राऊन जन्मली. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली. त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १९८१ साली त्यांनी जीव दिला. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने हर्षा जन्मली.

उपाय खर्चाचा आहे, आणि दर वेळी यश येतेच असे नाही. पण मूल होवो न होवो, येत्या चैत्रात त्या पोरीची ओटी मी स्वतः भरणार आहे.