जुनी एसयूव्ही : खरेदी (द्रोणागिरी परिसर)

एकदा नोंदणी होऊन वापरली गेलेली एसयूव्ही दुसऱ्या मालकाने विकत घेण्याचा व्यवहार. सिडकोने उरण तालुक्यात वसवलेला द्रोणागिरी नोड खाडी, खाजणे आणि मिठागरांच्या पट्ट्यात आहे. येथील वाहनांची नोंदणी पनवेलच्या परिवहन कार्यालयात होते आणि क्रमांक एमएच-४६ ने सुरू होतो. उरणपर्यंतची लोकल आणि मुंबईला जोडणारा अटल सेतू यांचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. तोवर मुंबईला जायला मोरा बंदरातली लाँच सोडली, तर जेएनपीए बंदराच्या कंटेनर ट्रेलरांमधून वाट काढत जाणे हाच मार्ग होता. उंच, दणकट गाडीची इथली ओढ या रस्त्यांनी वाढवली असे म्हणायला हरकत नाही.

खरेदीदार बहुधा बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो. खाऱ्या हवेच्या या भागात मात्र गाडी आधी खालून पाहावी. बोलेरो (२०००) आणि स्कॉर्पिओ (२००२) यांची बॉडी वेगळ्या लोखंडी चासीवर बसवलेली असते. ही चासी गंजली की दुरुस्ती खर्चिक आणि अर्धवट होते. टर्बो किंवा क्लच निदान बदलता तरी येतो. गाडी रॅम्पवर चढवून चासीच्या कडा, सस्पेन्शनची बैठक आणि ठोकलेला चासी क्रमांक तपासावा. खाली ताजा काळा थर मारलेला दिसला, तर तो कशावर मारला आहे हे विचारावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ कधी कधी सापडतो. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. मीटर मागे केलेले असू शकते, म्हणून सर्व्हिसच्या जुन्या बिलांवरील किलोमीटर जुळवून पाहावेत.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी हे वेगळेच प्रकरण. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना तेथे बंदी केल्यावर अशा गाड्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक यांचा खर्च धरल्यावर स्वस्ताई पुष्कळ आटते.

मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० भरतात. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी बँकेच्या सहीचा नमुना ३५ लागतो. ‘सह्या करून ठेवल्यात, नाव नंतर चढवा’ हा एजंटांचा आवडता सल्ला आहे आणि तो मानू नये. कायद्यानुसार खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच ठेवली. म्हणजे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. विमा नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस खरेदीदाराला मिळत नाही. त्या सवलतीच्या फरकाची रक्कम त्याला विमा कंपनीकडे भरावी लागते.