मनगटी घड्याळाची घडण आणि पारख

नामांकित घड्याळाच्या धर्तीवर स्वतःच्या हातांनी घड्याळ जुळवणे आणि जुन्या घड्याळाचा अस्सलपणा तपासणे, हा छंद आता महानगरांपुरता राहिलेला नाही. सुटे भाग व साधने घरपोच मिळू लागल्याने पालघर जिल्ह्यातील सरावली-बोईसरसारख्या ठिकाणीही तो जोपासता येतो. मात्र दुरुस्ती, पुनर्घडण आणि बनावट यांतील सीमारेषा छंदिष्टाने आधी समजून घेतली पाहिजे. या सीमारेषेचे सर्वांत बोलके उदाहरण मुंबईच्या जुन्या घड्याळांच्या व्यापारातच सापडते.

'मुंबई स्पेशल' म्हणजे काय?

जगभरच्या घड्याळसंग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' हा शब्दप्रयोग रूढ आहे. तो कौतुकाने नव्हे, तर सावधगिरीचा इशारा म्हणून वापरला जातो. वापरलेली यांत्रिक घड्याळे गोळा करायची, यंत्र धुऊन त्याला तेल द्यायचे, केसला झिलई द्यायची, तबकडी नव्याने रंगवून छापायची आणि मिळतील ते काटे बसवून घड्याळ विकायचे, अशी ही पद्धत आहे.

या व्यापाराला इतिहास आहे. सन १७३७ पासूनचा वारसा सांगणारी फेवर ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ मध्ये मुंबईत आली. पुढे १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले. जनता, पायलट, कोहिनूर ही नावे घरोघरी पोहोचली. सिको व सिटिझन ही जपानी घड्याळेही मोठ्या संख्येने देशात आली. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. जुनी घड्याळे मुबलक, पण त्यांच्या मूळ तबकड्या व काटे दुर्मीळ, अशी स्थिती निर्माण झाली. यंत्र उत्तम चालते, पण दमट हवेने तबकडी डागाळली आहे, अशा घड्याळांना पुनर्छपाईने दुसरे आयुष्य दिले.

यात गैर काहीच नाही. गैर घडते ते असे घड्याळ 'मूळ अवस्थेतील' म्हणून विकले जाते तेव्हा. घड्याळ तेच असते, सांगितलेली हकीकत मात्र खोटी असते.

पारख कशी करावी?

पहिली परीक्षा तबकडीची. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून अक्षरांच्या कडा पाहाव्यात. कारखान्यातील छपाई रेखीव असते; पुनर्छपाईत रंग पसरलेला, अक्षरांमधील अंतर विषम आणि मिनिटांच्या रेषा कमीअधिक जाडीच्या आढळतात. त्या कंपनीने कधी न वापरलेला भडक रंग हीसुद्धा ठळक खूण होय. त्यानंतर काटे पाहावेत. मिनिटकाटा मिनिटांच्या रेषांपर्यंत पोहोचत नसेल, तर तो बहुधा दुसऱ्या घड्याळाचा असतो.

सिकोच्या बाबतीत आकडे बरेच काही सांगतात. मागील झाकणावर यंत्राचा क्रमांक आणि केसचा क्रमांक जोडून कोरलेला असतो. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या संकेतांकाची सुरुवातही सहसा त्याच यंत्राच्या क्रमांकाने होते. झाकणावर एक यंत्रक्रमांक, तबकडीवर दुसरा आणि आत तिसरेच यंत्र असेल, तर ते घड्याळ अनेक घड्याळांच्या भागांतून जुळवलेले आहे, हे उघड आहे. अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, तर दुसरा महिना दर्शवतो. दशक मात्र यंत्राच्या प्रकारावरून ठरवावे लागते.

सेकंदकाटा सरकत चालला म्हणजे घड्याळ अस्सल, हा समज चुकीचा आहे. ताशी १८,००० स्पंदनांच्या यंत्रात काटा सेकंदाला पाच पावले टाकतो, २१,६०० स्पंदनांच्या यंत्रात सहा, तर अनेक आधुनिक स्विस यंत्रांतील २८,८०० स्पंदनांत आठ. स्वस्त यांत्रिक यंत्रातही काटा सरकतच चालतो. म्हणून महागड्या घड्याळाचा निवाडा झाकण उघडून, यंत्र पाहूनच करावा. सोबतच्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. घड्याळाची नक्कल करणाऱ्यास कागदाची नक्कल करणे अवघड नसते.

स्वतः जुळवताना

नवशिक्यांसाठी सिको समूहाचे एनएच ३५ हे स्वयंचलित यंत्र सोयीचे ठरते. त्यात २४ ज्वेल असतात, स्पंदने ताशी २१,६०० असतात आणि पूर्ण चावी भरल्यावर ते सुमारे ४१ तास चालते. त्याच्या मापाच्या केस, तबकड्या व काटे सहज मिळतात. तारीख बदलते त्या क्षणी यंत्र थांबवून तास, मिनिट व सेकंद या क्रमाने काटे बाराच्या रेषेवर बसवावेत. चावीचा दांडा एकदम न कापता थोडाथोडा कमी करावा. केस एकदा उघडल्यावर रबरी कडी बदलून दाबाची चाचणी घेतल्याशिवाय ते घड्याळ पाण्यात वापरू नये.

तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीत मोटारी व चुंबकांजवळ काम करणाऱ्यांचे यांत्रिक घड्याळ अचानक पुढे जाऊ लागले, तर केसस्प्रिंगला चुंबकत्व आले असण्याची शक्यता असते. होकायंत्र जवळ धरल्यास त्याची सुई हलते. चुंबकत्व काढण्याचे उपकरण वापरताच हा दोष सहसा दूर होतो. अंधारात चमकणाऱ्या फार जुन्या तबकड्यांवर मात्र रेडियमचा किरणोत्सारी रंग असू शकतो. त्या घरी उघडू वा खरवडू नयेत.

नावाचा प्रश्न

आकार, रंगसंगती वा काट्यांची ठेवण यांवरून स्फूर्ती घेऊन कोऱ्या किंवा स्वतःच्या नावाच्या तबकडीचे घड्याळ जुळवणे हा छंद आहे. त्याच घड्याळावर दुसऱ्या कंपनीचे नाव छापले, की ती बनावट ठरते. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०३ व १०४ अन्वये खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि असा माल विकणे यांसाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. खोटे चिन्ह लावण्यामागे फसवणुकीचा हेतू नव्हता, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो.

वडिलोपार्जित घड्याळ

अनेक घरांच्या कपाटात लग्नात किंवा निवृत्तीच्या वेळी मिळालेले एचएमटी पडून असते. ते दुरुस्तीस देताना यंत्राची सफाई आणि तबकडीची पुनर्छपाई ही दोन वेगळी कामे आहेत, हे आधी स्पष्ट करावे. तबकडी पुसून नव्याने छापली, की मूळ छपाई कायमची जाते आणि संग्राहकांच्या लेखी घड्याळाचे मोलही घटते. तबकडी बदलायचीच असेल, तर वेगळी बसवून घ्यावी आणि मूळ तबकडी, काटे व चावी आठवणीने परत मागून घ्यावी. कोणता भाग कधी बदलला, याची चिठ्ठी घड्याळासोबत ठेवावी. पुढच्या पिढीच्या हाती घड्याळ जाईल तेव्हा त्यातले आजोबांचे काय आणि बाजारातले काय, हे त्या चिठ्ठीवरूनच कळेल.