तंबोऱ्याच्या तारा : मिरज परंपरा
भारतीय कंठसंगीतात आधारस्वर देणाऱ्या तंबोऱ्याच्या निर्मितीचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र सांगली जिल्ह्यातील मिरज हे होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब व त्यांचे बंधू मोईनुद्दीन या शिकलगार कारागिरांनी तेथे हा व्यवसाय सुरू केला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे तो वाढला. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर व पुढे अब्दुल करीमखाँ, तर सातारा जिल्ह्यातील औंध दरबारात अनंत मनोहर जोशी, अशा गायकांमुळे उत्तम वाद्यांची मागणी टिकून राहिली. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

तंबोऱ्यास सामान्यतः चार तारा असतात. पहिली मंद्र पंचमात, मधल्या दोन (जोड) मध्य षड्जात व चौथी (खर्ज) मंद्र षड्जात लावतात. मालकंसासारख्या पंचमवर्ज्य रागात पहिली तार मध्यमात मिळवितात. जोडाच्या तारा पोलादी, तर खर्जाची पितळेची किंवा कांशाची असते. पुरुषांच्या खालच्या पट्टीच्या वाद्यात पंचमासाठीही पितळी तार योजतात.

या निवडीमागील तत्त्व मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ मध्ये मांडलेल्या नियमांत आढळते. लांबी व ताण समान असता कंपनसंख्या निम्मी करण्यास तारेचे दर लांबीमागील वजन चौपट लागते. म्हणून खर्जाची तार जोडाच्या सुमारे दुप्पट जाड असते. पितळ पोलादाहून काहीसे जड असल्याने ती किंचित बारीक चालते. मात्र पितळ कमी ताण सोसते. त्यामुळे उंच स्वरास ते निरुपयोगी ठरते. ठराविक लांबीची तार ज्या स्वरावर तुटते, तो स्वर तिच्या जाडीवर नव्हे, तर धातूवर अवलंबून असतो. जाड तार अधिक भार पेलते हे खरे. पण तिला त्याच प्रमाणात अधिक ताणही द्यावा लागतो. म्हणूनच स्त्रियांच्या उंच पट्टीसाठी जाड तार न लावता आखूड दांडीचा तंबोरा बनवितात.

यूरोपात एकोणिसाव्या शतकात पियानोसाठी विकसित झालेली पोलादी तार लोखंडी तारेपेक्षा पुष्कळ बळकट असल्याने भारतीय वाद्यांवरही रूढ झाली. परंतु तारेने सोसलेला ताण अखेर भोपळ्यावरील तबलीस सोसावा लागतो. त्याच तारा एक पूर्ण स्वर चढविल्यास ताण सु. २७ टक्क्यांनी वाढतो. अशा वेळी जुन्या वाद्याची तबली खचते, घोडीचा उतार बदलतो आणि जवारी बिघडते. जवारी म्हणजे तार व घोडीचा पृष्ठभाग यांच्या हलक्या स्पर्शातून उमटणारी स्वरसमृद्धी. हाच तंबोऱ्याचा प्राण होय. तबली एकदा खचली की सुताचा धागा कितीही सरकविला, तरी पूर्वीचा नाद परत येत नाही. यास्तव जुन्या तंबोऱ्यास तारा चढविताना प्रथम त्याची लांबी व मूळ पट्टी पाहावी, मग धातू व जाडी ठरवावी. गायकास उंच पट्टी हवी असल्यास तारा ताणण्याऐवजी त्या पट्टीचे वाद्य घेणे इष्ट ठरते.