स्पायडर-मॅनचे बदलते हात

आख्यान तेच असले तरी कीर्तनकार बदलला की ऐकणाराला फरक कळतोच. अमेरिकेतल्या ‘स्पायडर-मॅन’ या चित्रकथा-मासिकाच्या वाचकांना तो १९६६ साली कळला.

पहिले ३८ अंक स्टीव्ह डिटको यांनी रेखाटले. त्यांचा पीटर पार्कर म्हणजे किडकिडीत, बुजरा, चष्मेवाला पोरगा. म्हणून तर वाचणाऱ्या पोरांना तो आपला वाटे. लेखक-संपादक स्टॅन ली यांच्याशी बिनसले नि डिटको निघून गेले. ३९व्या अंकापासून जॉन रोमिटा आले. हे गृहस्थ बरीच वर्षे प्रेमकथांची चित्रे काढणारे! डिटको परततील या समजुतीने त्यांनी आरंभी जुनेच वळण गिरवले. पण हात थोडाच लपतो? पीटर देखणा झाला, भोवती मित्रमंडळ जमले. खपही वाढला. तरी डिटकोंचाच पीटर खरा मानणारे वाचक आजही आहेत.

पुढे ली यांनी लेखन सोडले. १९७३ साली, विशीतल्या जेरी कॉनवे यांनी लिहिलेल्या १२१व्या अंकात पीटरची प्रेयसी ग्वेन मरण पावली. वाचकांनी संतापून पत्रे धाडली. चेहरा बदललेला त्यांनी सोसला होता. हे काही सोसवेना. १९७५ साली ग्वेन परत आली खरी, पण ती निघाली तिची हुबेहूब नक्कल.