कोंडवाडा ते कुत्र्याचे डिपॉझिट

जनावराने केलेले नुकसान भरून कोणी द्यायचे, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. हल्ली तो शहरातल्या फ्लॅटच्या दारात येऊन उभा राहिला आहे. माझ्या भाचीला पुण्यात भाड्याचे घर घेताना नेहमीच्या डिपॉझिटखेरीज कुत्र्यासाठी वेगळी रक्कम मागितली. तीही परत न मिळणारी. तिने फोनवर विचारले, "मामा, हे कायद्यात बसतं का?"

आमच्या वालूरकडे या प्रश्नाचे जुने उत्तर म्हणजे कोंडवाडा. इंग्रजी मुलखात १८७१ साली याचा कायदा झाला. पिकात शिरून नुकसान करणारे जनावर शेतकऱ्याने धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. मालकाने दंड व चाऱ्यापाण्याचा खर्च भरून ते सोडवावे. मूळ दर असे : शेळी-मेंढीला एक आणा, गाय-बैलाला चार आणे आणि हत्तीला दोन रुपये! उगाच जनावर धरले, तर मालकाला दाद मागून भरपाई मिळवता येई. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. पण कोंडवाडा इकडेही होता, माझ्या लहानपणी तो आम्ही पाहिलेला आहे.

घरात मात्र असा हिशेब नव्हता. माळवदाच्या घरातली जमीन शेणाने सारवलेली. मांजराने उकरली, शेळीने घाण केली, तरी पुढच्या सारवणात सगळे सारखे होई. आता गुळगुळीत फरशी, पॉलिश केलेली दारे, महागडे सोफे. एका ओरखड्याची किंमत हजारांत जाते. घरमालकाची भीती खोटी नाही, हेही समजून घेतले पाहिजे.

आता कायद्याचे. मुंबईकडे १९४७ चा भाडे कायदा होता, त्यात पागडी घेणे गुन्हा होता. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा चाले. ३१ मार्च २००० पासून दोन्हींच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याने घरमालकाला डिपॉझिट व प्रीमियम घेण्याची मुभा दिली. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकेच असावे असे म्हटले आहे, पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेकरूने घर घेतले तसे परत द्यायचे असते. रोजच्या वापराची झीज मात्र त्यातून वगळलेली आहे.

मला यात एक फरक मोठा वाटतो. कोंडवाड्यात आधी नुकसान, मग दंड. परत न मिळणाऱ्या रकमेत आधी दंड, मग नुकसान होवो वा न होवो! शेताच्या बांधावरून चाललेल्या बैलाला कोणी कोंडवाड्यात घालत नसे. नुकसानीसाठी अनामत ठेवणे न्याय्य आहे, पण नुकसान झालेच नाही तर ती परत मिळायला हवी. नाहीतर ती अनामत कसली? ते कुत्र्याचे भाडेच झाले.

म्हणून भाचीला कळवले : रक्कम द्यायची तर दे, पण "परत मिळणारी" हा शब्द करारात लिहून घे. राहायला जाण्याआधी दारे, फरशी, भिंती यांचे फोटो काढून दोघांच्या सह्या घे. करार नोंदवून घे, तोंडी बोलण्यावर राहू नकोस.

असो. घरमालक काय म्हणतो, ते अजून कळायचे आहे.