पूर ओसरल्यावर पूल

ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीच्या पुराचे पाणी पैठण शहरात शिरले. असे पाणी उतरले की पहिला प्रश्न असतो तो रस्ता केव्हा सुरू होणार हा. पुलावरचा गाळ दिसतो, तो काढता येतो. पायाचे काय?

वाहते पाणी पुलाच्या खांबावर अडते, खाली वळते आणि भोवरे करून पायालगतची वाळू उपसते. पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने भरतो आणि वरून सारे ठीक भासते. म्हणून वाहतूक सोडण्यापूर्वी पाया तपासावा लागतो.

महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री भर पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तेथे नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला व ५ जून २०१७ रोजी खुला झाला. पूल पुन्हा बांधता येतो. माणसे परत येत नाहीत.

वर्गात ट्रेमध्ये वाळू पसरून त्यात पेन्सिल उभी रोवावी आणि एका बाजूने पाणी सोडावे. पेन्सिलीभोवती पडणारा खड्डा विद्यार्थ्यांना मोजायला सांगावा. पुराचा इतिहास आपल्याला तेथेच वाचता येईल.