पावसाळ्याने वाटलेले डाव

पाळीपाळीने खेळायच्या युद्धनीतीच्या गेमवर एक आक्षेप हमखास घेतला जातो: खऱ्या लढाईत कोणी शत्रूची खेळी पुरी होईपर्यंत थांबत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेचा सातवा भाग आला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा समोर आला. या भागातल्या प्राचीन युगात खोल समुद्र ओलांडताच येत नाही आणि प्रथमदर्शनी ही अट कृत्रिम वाटते. पण रायगडच्या किनाऱ्याचा सतराव्या शतकातला इतिहास पाहिला, तर आरमारी युद्ध खरोखरच पाळीपाळीने चालत असे आणि या पाळ्या पावसाळा ठरवत असे, असे दिसते. जूनमध्ये समुद्र खवळला की गलबते खाडीत किंवा किनाऱ्यावर ओढून शाकारली जात. मोहीम पुढच्या हंगामावर जाई. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार मात्र अनेकदा इंग्रजांच्या मुंबई बंदरात पावसाळा काढी आणि उघाडीनंतर रायगडच्या याच किनाऱ्यावरच्या गावांवर तुटून पडे. सिद्दीचे बळ जंजिऱ्याच्या तटाइतकेच या आसऱ्यातही होते.

खांदेरीचे महत्त्व इथे कळते. १६७९ च्या ऑगस्टअखेर, समुद्र पुरता निवळण्याआधीच, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी माणसे घेऊन थळसमोरच्या या बेटावर उतरले आणि तटबंदी सुरू झाली. पावसाळा पाळ्या ठरवत होता, तर ही मोहीम ऑगस्टमध्ये कशी झाली, असे कोणी विचारेल. उत्तर अंतरात आहे. थळहून बेटापर्यंतचा टप्पा हलक्या होड्यांना उघाड पाहून गाठता येत होता. मोठ्या जहाजांना त्या दिवसांत दूरची हालचाल अवघड होती. प्रतिपक्षाची पाळी येण्याआधीच हा डाव टाकला गेला. मुंबईकर इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली, ऑक्टोबरमध्ये मराठ्यांच्या दौलतखानाच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली, तरी बेटाला रसद पोहोचत राहिली. मग जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने शेजारची उंदेरी घेऊन तटबंदी सुरू केली. आज थळवरून जवळजवळ दिसणारे हे दोन दुर्ग म्हणजे एका खेळीचे आणि तिच्या उत्तराचे दगडी पुरावे आहेत.

उंदेरीने खांदेरीचा लाभ पुसून टाकला आणि जंजिरा तर अखेरपर्यंत जिंकला गेला नाही, मग या डावाचे फळ काय, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले, हे खरेच. परंतु केवळ जंजिऱ्यावर यशापयश मोजणे चूक आहे. इंग्रजांना तह करून खांदेरीवरचा मराठ्यांचा ताबा मान्य करावा लागला, मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचे कायमचे ठाणे झाले आणि सिद्दीला नवा किल्ला राखण्याचा भार उचलावा लागला. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा हल्ला केला, तेव्हा कान्होजी आंग्रे यांच्या शिबंदीने तो परतवला. उंदेरी १७६० मध्ये मराठ्यांकडे आली. एका हंगामातली खेळी ऐंशी वर्षे परिणाम करत राहिली.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाही. खांदेरीचा सन्मान रास्तच आहे. पण डाव समजायचा तर त्याचे उत्तरही जपावे लागेल, म्हणून उंदेरीच्या ढासळत्या तटाची डागडुजी खांदेरीइतक्याच तातडीने व्हायला हवी.